टँकरच्या पावतीवर जडपणाचा आकडा हवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उंड्री २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. वाघोली, पिसोळी, सूस, म्हाळुंगे २०२१ मध्ये. तिथल्या अनेक सोसायट्या अजूनही टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालतात. धरणाचे पाणी म्हणजे सह्याद्रीवरचा पाऊस, त्यात क्षार थोडे. बोअरचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत येते आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन जड होते. एकाच टाकीत सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे पाणी पडते, आणि ते कुठले हे कुणी विचारत नाही.

विचारतात ते फक्त टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र आकडा. खिशातला टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. त्या आकड्यात सोडियम किती आणि कॅल्शियम किती हे त्याला कळत नाही. सॉफ्टनरच्या, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या, आधी आणि नंतर मीटर बुडवून पाहा, आकडा जवळपास तोच येईल, जडपणा मात्र लिटरमागे ४०० मिलिग्रॅमवरून ५ वर आलेला असेल. जडपणा मोजायची रीत वेगळी आणि सोपी आहे. ५० मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यात एक-दोन मिलिलिटर अमोनिया बफर आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हे रंग दाखवणारे रसायन टाकावे. पाणी डाळिंबी होते. मग कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणाऱ्या ईडीटीए या रसायनाचे ०.०१ मोलर द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. डाळिंबी छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबावे. जितके मिलिलिटर लागले त्याला २० ने गुणले की लिटरमागे मिलिग्रॅममध्ये जडपणा मिळतो. याचे तयार किटही मिळते. टँकर रिकामा करण्यापूर्वी वॉचमनसुद्धा पाच मिनिटांत हे करू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे. ६०० पर्यंतची सूट दुसरा स्रोतच नसेल तेव्हाची.

हा आकडा नसल्यामुळे सॉफ्टनर घेताना सोसायट्या फसतात. शंभर घरे, चारशे माणसे, माणशी १३५ लिटर धरले तर रोज ५४,००० लिटर पाणी लागते. जडपणा ४०० असेल तर त्यात २१.६ किलो क्षार येतात. सॉफ्टनरमध्ये जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी असतात, त्यांना रेझिन म्हणतात. एक लिटर रेझिन एका वेळी साधारण ५० ग्रॅम क्षार धरते, म्हणजे २०० लिटर रेझिनचा सॉफ्टनर १० किलोवर, २५,००० लिटर पाण्यानंतर, थकतो. मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजे होते, म्हणून त्याला दिवसातून दोनदाहून जास्त मीठ द्यावे लागते. प्रत्यक्षात ऑपरेटर रात्री एकदाच देतो आणि उरलेले अर्धेअधिक पाणी जसेच्या तसे वर चढते. मग ‘सॉफ्टनर चालत नाही’ अशी तक्रार येते. रेझिन बहुतेक वेळा ठणठणीत असते, फक्त उपाशी असते.

एका वेळचे मीठ लिटर रेझिनमागे १५० ग्रॅम, म्हणजे इथे ३० किलो. त्याचे दहा टक्क्यांचे द्रावण करून ते किमान वीस-तीस मिनिटे हळूहळू सोडायचे असते. त्याआधी दहा मिनिटे उलटा प्रवाह देऊन गाळ काढायचा आणि शेवटी किटवर निळा रंग दिसेपर्यंत धुवायचे. घाईत मीठ पाच मिनिटांत सोडले तर ते सरळ गटारात जाते. मातकट खडे मीठ वापरले किंवा बोअरच्या पाण्यात लोह असले तर रेझिनवर थर बसतो आणि त्याची ताकद घटते.

वरच्या हिशेबाने रोज सुमारे ६५ किलो मीठ लागेल, महिन्याला जवळपास दोन टन. एवढे मीठ टाकायची गरज नाही. १३५ पैकी सुमारे ४५ लिटर पाणी फ्लशला जाते. त्यासाठी एसटीपीचे, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचे, पाणी वापरा. उरलेल्या ३६,००० लिटरचाही जडपणा शून्यावर आणू नका. शून्य जडपणाच्या पाण्यात अंगावरचा साबण निघता निघत नाही आणि पाणी जास्त लागते. तीन भाग मऊ पाण्यात एक भाग मूळ पाणी मिसळले की जडपणा शंभराच्या आसपास राहतो. आता सॉफ्टनरमधून २७,००० लिटरच जाते आणि मीठ निम्म्यावर येते. हे मऊ पाणी बागेला मात्र घालू नये. जडपणाच्या दर १०० मिलिग्रॅममागे त्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम उतरलेले असते, त्याने काळी माती चिकट होऊन बसते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले असेल त्यांनी हे पाणी पिऊही नये. नळाला बांधायच्या चुंबकी उपकरणांनी जडपणा कमी होत नाही. आधी आणि नंतर किट लावले की समजते.

घरात गीझरचा थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवावा, साठच्या वर क्षार झपाट्याने बसतात. गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड दर वर्षी उघडून पाहावा. शॉवरची जाळी लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घालून दोन तास बुडवावी. त्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जडपणाने गीझर आणि कपडे खराब होतात. माणूस आजारी पडतो तो जंतूंनी, आणि सॉफ्टनर एकही जंतू मारत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोटाचे जंतू सापडले होते. आपल्याकडे मात्र आजही बैठकांत तासभर चर्चा साबणाच्या फेसावर होते आणि क्लोरीनचा विषयच निघत नाही. सर्वांत लांबच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळालेच पाहिजे. २५ टक्के ताकदीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर हजार लिटरला ४ ग्रॅम टाकली की लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणीच टाकीत घालावे आणि अर्धा तास थांबावे. क्लोरीनचा जास्त मारा रेझिनला सोसत नाही, म्हणून हा डोस सॉफ्टनरनंतरच्या टाकीत द्यावा. तोंड उघडे राहिलेल्या पोत्याची ताकद आठवड्यागणिक उतरते. दोन चमचे जास्त टाकून अंदाज बांधू नका, क्लोरीनच्या किटने तपासा.

महापालिकेला आमची विनंती आहे की टँकर भरण्याच्या प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची तपासणी करून निकाल तिथेच फलकावर लावावा, आणि टँकरच्या पावतीवर स्रोत, जडपणा आणि क्लोरीन असे तीन रकाने सक्तीचे करावेत. तोपर्यंत सोसायट्यांनी हे तीन रकाने स्वतःच्या वहीत आखून घ्यावेत आणि ते भरल्याशिवाय टँकरवाल्याच्या पावतीवर सही करू नये.

आपले,
जलशुद्धीकरण क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे