चार बटणांची सांगली

गावभाग, सांगली
२१ डिसेंबर २०२५

प्रिय सुन्या,

परवाचा फोन अर्धाच तुटला आणि तुझा टोमणा मात्र पूर्ण पोचला. म्हणे, "तुम्हा सांगलीकरांचं डोकं ठिकाणावर आहे का? गेल्या वर्षी मे महिन्यात लोकसभेला एकाला लाखानं निवडून देता आणि नोव्हेंबरात विधानसभेला बरोबर उलटं?" तुम्हा सांगलीकरांचं! पुण्यात फ्लॅट घेतलास म्हणून काय झालं, मतदार यादीत तू अजून आमच्यातच आहेस.

माझ्या मते सांगलीचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. २०२४च्या लोकसभेला सांगलीची जागा आघाडीत काँग्रेसऐवजी ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, पैलवान चंद्रहार पाटलांना उमेदवारी मिळाली आणि काँग्रेसचे विशाल पाटील लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले. १,००,०५३ मतांनी आले. चंद्रहार साठ हजारांच्या आसपास थांबले. पेपरांनी लगेच त्यांचे आजोबा, माजी मुख्यमंत्री वसंतदादांच्या पुण्याईवर रकाने भरले. मला ते अर्धंच पटतं. पुण्याई एवढी असती तर २०१४ला आणि २०१९ला कुठं गेली होती? आणि दादा हयात असताना, १९८६च्या पोटनिवडणुकीत, संभाजी पवारांनी त्यांच्याच गटाला याच शहरात चितपट केलं होतं ना? २०२४ला लोकांना राग आला तो तिकिटाचा फैसला मुंबईत परस्पर झाला याचा. पानपट्टीवर तेव्हा एकच वाक्य ऐकू यायचं, "आमचं आम्ही बघतो, तुम्ही कोण?" घराण्यापेक्षा हा हट्ट जास्त मोठा.

नोव्हेंबरात तसं काही नव्हतंच. विधानसभेला भाजपचे सुधीर गाडगीळ तिसऱ्यांदा आले, ३६ हजारांवर मतांनी. समोर काँग्रेसचे पृथ्वीराज पाटील आणि काँग्रेसच्याच बंडखोर जयश्रीताई पाटील. सगळे म्हणतात मतं फुटली, पण दोघांची बेरीज केली तरी गाडगीळांच्या खालीच राहते, हे कुणी सांगत नाही. आता गंमत बघ. २०२५च्या जूनमध्ये जयश्रीताई भाजपमध्ये गेल्या, ऑगस्टमध्ये पृथ्वीराज गेले. म्हणजे वर्षभरापूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेले तिघंही आज एकाच मांडवात! कार्यकर्त्यांची मात्र पंचाईत. आमच्या चौकातला एक जण अजून जुन्या नेत्याच्या फोटोचा टी-शर्ट घालून नव्या पक्षाच्या बैठकीला जातो. फोटो तोच आहे म्हणतो, मग नवा शर्ट कशाला?

महापुराचं मात्र विसरू नकोस. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि ऑक्टोबरात विधानसभा. गाडगीळांचा लीड सात हजारांच्या आत आला. गावभागात तेव्हा पक्ष कुणी विचारत नव्हतं. कुणाची बोट कुठल्या गल्लीत आली, कुणी फोन उचलला, पंचनाम्यात कुणाचं नाव राहिलं, एवढाच हिशेब. तो हिशेब आजही तोंडपाठ आहे. आमच्या शेजारच्या काकू बोट पाठवणाऱ्याचं नाव सांगतात, पक्ष विचारला तर हात झटकतात.

आता महापालिका. १५ जानेवारीला मतदान. ऑगस्ट २०२३पासून प्रशासक आहे, त्यामुळे गटार तुंबलं तरी भांडायला माणूसच नाही. पण नगरसेवक होते तेव्हा तरी काय होतं म्हणा. २०१८ला भाजपनं ७८पैकी ४१ जागा घेतल्या, पहिल्यांदाच बहुमत. २०२१च्या फेब्रुवारीत महापौर झाला राष्ट्रवादीचा! भाजपमधलेच काही फुटले. ज्या मतदाराला फिरतो म्हणून तू शिव्या घालतोस, तो पाच वर्षांतून एकदा फिरतो. निवडून गेलेले अडीच वर्षांत फिरले.

मला खरा वैताग आहे तो चार सदस्यांच्या प्रभागाचा. एका प्रभागातून चार नगरसेवक, म्हणून प्रत्येकानं चार मतं द्यायची. गेल्या वेळी त्याच काकू केंद्रातून घामाघूम होऊन बाहेर आल्या. "तीन दाबली बाबा, चौथं कुणाला द्यायचं कळंना, आणि ते मशीन काय वाजंना." शेवटी कर्मचारी म्हणाला चौथं दाबल्याशिवाय मत पुरं होत नाही, नाहीतर 'नोटा' दाबा. काकूंनी डोळे मिटून काहीतरी दाबलं. असा एक तरी नगरसेवक डोळे मिटून निवडून आलेला असणारच. मग काम सांगायला गेलं की 'अ' जागेवाला म्हणतो ते 'क'कडं आहे, 'क' म्हणतो निधी 'ब'नं पळवला. शामरावनगरात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, शेरीनाल्याचं सांडपाणी तसंच कृष्णेत जातं, आणि जाब विचारायचा तर चार दारं. पॅनेल करणाऱ्या नेत्यांना हे फार सोयीचं. एक वजनदार माणूस उभा करायचा, त्याच्या मागं तीन ओढून न्यायचे. लोकसभेला आपला हट्ट चालतो, कारण तिथं बटण एकच असतं. इथं तो हट्ट चार ठिकाणी फुटतो.

तरी आमच्याकडचे लोक जुगाड करतात. दोन बटणं एका पक्षाला, एक ओळखीच्या पोराला, एक भावकीला. पॅनेलवाले त्याला क्रॉस वोटिंग म्हणून बोटं मोडतात. मी स्वतः तेच करणार आहे. तीन नावं ठरलीत, चौथ्याचं अजून बघतोय. पत्रकावर 'उच्चशिक्षित' लिहिलंय, पण तो राहतो विश्रामबागेत, आमच्या प्रभागाबाहेर.

तुझी मतदार चिठ्ठी आली की फोटो पाठवतो. केंद्र बदललंय असं ऐकतोय, पक्कं कळलं की सांगेन. आदल्या रात्रीच ये, सकाळी रांग कमी असते. भडंग इथं मिळतंच, येताना चितळ्यांची बाकरवडी तेवढी आण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या