पगारवाढीच्या करारात वागणुकीचंही एक पान हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हापासून त्यांच्यावरचे लेख मी कात्री घेऊन वाचते. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगी लागायची ३०० कामगारांची अट, ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरात ग्रॅच्युइटी, संपाआधी १४ दिवसांची नोटीस, या सगळ्यावर भरपूर लिहून आलं. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेच्या चौथ्या कलमावर, म्हणजे कारखान्यातल्या तक्रार निवारण समितीच्या कलमावर मात्र माझ्या वाचनात काही आलं नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कात्री लावायचा अधिकार आता तुमचा.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते. पुढे युनियनच्या कमिटीवर निवडून आले, आणि आता निवृत्त आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या कुणाशी माझं भांडण उरलेलं नाही, आणि मी सांगणार ते सातपूरपासून सिन्नरपर्यंत कुठल्याही शेडमध्ये ऐकायला मिळेल.

कारखान्यातला छळ म्हटलं की लोकांना मारहाण किंवा शिवीगाळ आठवते. ती असते, पण रोजची नसते. रोजचं वेगळंच असतं. रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलं की लाइनच्या तोंडाशी लावलेल्या फळ्यावर खडूने नाव लिहायचं, आणि ते आठवडाभर पुसायचं नाही. बाथरूमला जायला रिलीव्हर, म्हणजे तेवढ्यापुरता बदली माणूस, मागितला की ‘आत्ताच तर गेली होतीस’ असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणायचं. तोंड वर करून बोलली की पुढच्या आठवड्यात तिची शिफ्ट बदलायची, तीही नेमकी तिच्या मुलाच्या शाळेच्या वेळेला आडवी येईल अशी. आमच्या एका मैत्रिणीला तर कामच द्यायचं बंद केलं होतं. पॅकिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर दिवसभर नुसतं बसायचं, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बघायचं. हजेरी पूर्ण, पगार पूर्ण. कागदावर शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. ‘पगार मिळतोय ना, मग तक्रार कसली?’ हे मी सुपरवायझरकडून ऐकलंय आणि आमच्याच कमिटीतल्या दोघातिघांकडूनही ऐकलंय.

आता युनियनवाल्यांना न आवडणारं लिहिते. त्रास देणारा दर वेळी सुपरवायझर नसतो. आयटीआयमधून आलेल्या अॅप्रेंटिसला सगळ्यात जड स्टेशनवर उभं करणारे आमचे जुने कायम कामगारच असायचे. कंत्राटी पोरींना नावाने हाक न मारता ‘ए कॉन्ट्रॅक्ट’ म्हणणाऱ्या, कँटीनमध्ये आपल्या टेबलावर त्यांना डबा उघडू न देणाऱ्या बायका आमच्या सभासद होत्या, वर्गणी वेळेवर भरणाऱ्या. ज्यांना त्रास व्हायचा त्या सभासद नव्हत्या, त्यांना मत नव्हतं. कुठल्याही झेंड्याच्या कमिटीला हे गणित बरोबर कळतं. सभासदाला मॅनेजमेंटकडून चार्जशीट, म्हणजे गैरवर्तणुकीचं आरोपपत्र, मिळाली तर चौकशीत त्याच्या शेजारी बसणं हे युनियनचं कामच आहे, ते सोडून चालणार नाही. पण त्याने काहीच केलं नाही असं गेट मीटिंगमध्ये ओरडून सांगणं हे युनियनचं काम आहे, असं मला कधीच वाटलं नाही. तसं बोलल्यावर माझी बरीच उलटतपासणी झाली.

तरीही पगारवाढीच्या एका करारात वागणुकीचं पान घालणं जमलं. कारणं फार थोर नव्हती. मॅनेजमेंटला दिसत होतं की नव्या मुली महिना-दीड महिन्यात काम सोडतात आणि प्रत्येकीमागे शिकवण्याचा खर्च पाण्यात जातो. आम्हाला दिसत होतं की बायका कमिटीच्या निवडणुकीला उभ्याच राहत नाहीत. मागणीपत्रावरची बोलणी पगाराच्या आकड्यावर अडकली होती, दोन्ही बाजू कंटाळल्या होत्या, आणि पैसे न लागणारा हा विषय तेव्हा टेबलावर आला. एरवी ज्या बैठकीत चहाचा कपसुद्धा आपल्या बाजूला ओढून घेतात, तिथे या एका पानावर बऱ्यापैकी लवकर सह्या झाल्या.

पानावर काय होतं ते सांगते, कारण ज्यांचा करार संपत आलाय त्यांना उपयोग होईल. चूक दाखवायची तर बाजूला बोलावून, आणि कामगाराने म्हटलं तर कमिटीतला एक जण सोबत असेल. फळ्यावर नावाऐवजी स्टेशनचा नंबर. तक्रार केलेल्या माणसाची शिफ्ट किंवा खातं बदलायचं तर एचआर आणि युनियन दोघांची सही. तक्रार लेखीच हवी अशी अट नाही. तोंडी, मराठीत किंवा हिंदीत चालेल. आणि हे सगळं मॅनेजमेंटच्या माणसांना जितकं लागू तितकंच आमच्या सभासदांना.

यातलं सगळ्यात कामाचं कलम वरवर किरकोळ वाटेल: तक्रार एचआरच्या माणसाने आणि कमिटीच्या माणसाने एकत्र बसून, एकाच वेळी ऐकायची. आधी काय व्हायचं, बाई एचआरला एक सांगायची, आम्हाला थोडं जास्त सांगायची, मग दोन हकिगती तयार व्हायच्या आणि आमची भांडणं त्या दोन हकिगतींवर चालायची. मूळ बाई राहायची बाजूला. एकत्र ऐकल्यावर निदान काय घडलं यावर वाद उरला नाही. काय करायचं यावर उरला, तो ठीकच आहे.

पहिली तक्रार आली ती नेमकी कमिटीतल्या एकाच्या खास दोस्तावर. गेटवर दोन दिवस ‘गद्दार’ ऐकलं. शेवटी ठरलं की तो ज्या लाइनसमोर बोलला त्याच लाइनसमोर शब्द मागे घेईल. त्याने घेतले, मान खाली घालून. चार्जशीट नाही, सस्पेन्शन नाही, वकील नाही. एवढ्यावर सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही, टोमणे काही कराराने संपत नाहीत. पण नव्या मुली टिकू लागल्या हे हजेरीपटावर दिसत होतं.

मग सुपरवायझर माझ्याकडे येऊ लागले. ‘आमचं कोण ऐकतं? सकाळच्या मीटिंगला या एकदा.’ खरंच होतं त्यांचं. टार्गेट चुकलं म्हणून प्लांट हेड सगळ्यांदेखत त्यांची सालं काढायचे आणि तीच सालं तासाभरात लाइनवर येऊन पडायची. चांगला ऑपरेटर म्हणून बढती मिळालेल्या माणसाला मशीन सगळी कळते, पण माणसाशी कसं बोलावं हे कुणी शिकवलेलं नसतं.

आता कायद्याकडे येते. वरिष्ठाचा हुकूम जाणूनबुजून मोडणं ही गैरवर्तणूक, हे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांच्या, कायद्यापासून ठरलेलं आहे. वरिष्ठाने हाताखालच्याचा पाणउतारा करणं असं वेगळं कलम त्या कायद्याखालच्या जुन्या नमुना आदेशांत मला सापडलं नाही. आपल्या राज्याच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणं ही अनुचित प्रथा मानली आहे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे आणि दहा माणसांपासून अंतर्गत समिती बंधनकारक आहे. स्टुलावर नुसतं बसवून ठेवणं त्यात बसत नाही.

चौथं कलम इथे उपयोगी पडतं. २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. जास्तीत जास्त दहा सभासद, निम्मे मालकाचे, निम्मे कामगारांचे. अध्यक्षपद आळीपाळीने एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. बायका जितक्या प्रमाणात कामावर, निदान तितक्या प्रमाणात समितीवर. तक्रारीला वर्षाची मुदत, निकालाला ३० दिवसांची. आणि कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त जणांनी मान्य केल्याशिवाय निर्णय होत नाही. समितीची कल्पना नवी नाही, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही ती होती आणि बऱ्याच ठिकाणी ती फाइलपुरतीच राहिली. या वेळी तसं होऊ द्यायचं की नाही, हे सरकारपेक्षा मालक आणि युनियनच्या हातात जास्त आहे.

समितीने सगळं भागणार नाही, हेही कलमं वाचताना कळतं. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त मिळवणारा माणूस संहितेत ‘कामगार’ नाही. म्हणजे सकाळच्या मीटिंगमध्ये सोलून निघणारा आमचा सुपरवायझर बाहेर राहिला. कंत्राटी पोरीचा मालक कागदावर ठेकेदार, म्हणजे जिच्याशी लाइनवर कसंही वागता येतं ती कारखान्याच्या समितीपुढे यायची कशी, हाही प्रश्न. या फटी करारानेच बुजवता येतात. दोन पक्षांनी आपखुशीने लिहून दिलं तर कायद्याची व्याख्या आड येत नाही.

२०१९ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामाच्या जागेवरील हिंसा आणि छळाविरुद्धचा १९० क्रमांकाचा करार संमत केला. सरकारं, मालक आणि कामगार, तिघांचे प्रतिनिधी तिथे मत देतात. त्यात अॅप्रेंटिस, शिकाऊ, नोकरीसाठी अर्ज करणारेसुद्धा धरले आहेत. कँटीन, कपडे बदलायची खोली आणि घरून कामावर जायचा-यायचा प्रवासही धरला आहे. वागणुकीचं धोरण मालकाने कामगार आणि त्यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करून ठरवावं, असं त्यात स्पष्ट आहे. भारताने अजून त्यावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. पण अंबडमधल्या कारखान्याला आपल्या करारात त्यातलं पान उचलून घ्यायला दिल्लीची परवानगी कशाला लागते?

मालक मंडळी लगेच खोट्या तक्रारींचं काढतील. काढू देत, तेही लिहून घ्या. २००७ मध्ये युरोपातल्या मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी याच विषयावर मिळून करार केला, त्यात खोट्या आरोपावर कारवाई होऊ शकते हेही लिहिलं आहे. आपण का घाबरावं?

माझ्या आजेसासूबाई मुंबईत गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होत्या. तिथे बायकांवर नायकीण असायची, पुरुषांवर जॉबर. कामावर घेणं त्यांच्या हातात, काढणं त्यांच्या हातात, म्हणून दस्तुरी द्यायची आणि वर बोलणीही खायची. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात जॉबरांच्या या लाचखोरीची नोंद आहे. कामावर घ्यायची ती सत्ता पुढे त्यांच्या हातून गेली. बोलायची पद्धत मात्र ठेकेदाराच्या मुकादमाकडे अजून शाबूत आहे.

निमा, आयमा या मालकांच्या संघटना आणि नाशिकमधल्या सगळ्या युनियन्स यांना माझी विनंती एवढीच आहे की येत्या करारांसाठी असं एक नमुना पान दोघांनी मिळून तयार करावं. मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत, कारण लाइनवर आता बिहार-उत्तर प्रदेशची पोरं निम्म्याला निम्मी दिसतात. ते पान ठेकेदाराच्या कंत्राटालाही जोडावं. आमच्या त्या करारात हे शेवटचं राहून गेलं. मॅनेजमेंट म्हणाली ती ठेकेदाराची माणसं, कमिटी म्हणाली ते आमचे सभासद नाहीत, आणि त्या एका मुद्द्यावर दोघांचं लगेच एकमत झालं.

आपली,
एक निवृत्त महिला कामगार,
सिडको, नाशिक