नानांची रेकॉर्डिंगं

सोलापूर,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही, रागावला असशीलच. माझा बीपी ठीक आहे, गोळी चालू आहे. ते सोड. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. नानांची रेकॉर्डिंगं माझ्या हातून पुसली गेली.

थांब लका, पत्र फाडू नकोस. बरीचशी परत मिळालीत.

गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यातली गोष्ट. पोरीचे व्हिडिओ मावेनात म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर जागा करत बसलो होतो. ‘न्यू फोल्डर २’ दिसलं, शिफ्ट धरून डिलीट दाबलं. शिफ्ट धरलं की रिसायकल बिनमध्येही काही उरत नाही. मग आठवलं आत काय होतं. हातपाय गार पडले बंड्या.

कॉम्प्युटर तेवढा लगेच बंद केला. नवी पेठेत एक जण म्हणाला, “फॉरमॅट मारून बघू.” तसाच डिस्क घेऊन उठलो. शेवटी भाचा धावून आला. त्यानं सांगितलं, डिलीट केलं तरी ती जागा नुसती मोकळी म्हणून नोंदली जाते, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आवाज तिथंच असतो. जुनी फिरती डिस्क होती म्हणून वाचलो. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, असती तर तिच्यातल्या ट्रिम नावाच्या सोयीनं ती जागा आपणहून साफ केली असती.

त्यानं डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडून फोटोरेक नावाचं, पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर लावलं. फुकट मिळतं, आणि नाव फोटोचं असलं तरी आवाजाच्या फाइलीही काढतं. सापडेल ते दुसऱ्याच डिस्कवर उतरवायचं. रात्रभर चाललं.

फाइलींची नावं गेली, नुसते आकडे आले. मग एकेक ऐकत बसलो. बशीत चहा ओतल्याचा आवाज, नानांचा खोकला, आणि मग, “मागाचा आवाज बदलला की बघायच्या आधी हात धोट्याकडं जातो.” मध्येच, “बंड्या जेवला का रं?” मागं आपण दोघं भांडतोय. तू म्हणतोस एमपीथ्री कर बे, मिनिटाला १० एमबी कशाला खातोस. मी डब्ल्यूएव्हीवर, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या मोठ्या फाइलीवर, अडलेलो. त्याच दिवशी तू एक कॉपी मागितली होतीस आणि मी म्हणालो होतो, “माझ्यावर विश्वास नाही का?” तुझं बरोबर होतं. माफ कर.

११ पैकी ८ धड निघाली. दोन मध्येच खरखरतात, त्यांचे तुकडे डिस्कवर विखुरले होते. एक मिळालंच नाही.

आता कॉम्प्युटरवर एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि तिसरी कॉपी या पेनड्राइव्हवर, तुझ्या घरी. सोबत शेंगाचटणी आहे. पेनड्राइव्ह उतरवून घेतलास की कळव.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकट्याचं बारावीचं काय झालं? नवं घर घेतलंत ते छान झालं, मे महिन्यात येतो.

आणि एक. न मिळालेलं रेकॉर्डिंग म्हणजे नानांनी तोंडानं काढलेला गिरणीचा भोंगा. त्या दिवशी रेकॉर्डरची बॅटरी संपली म्हणून आधी तुझ्या मोबाइलवर घेतलं होतं, आठवतंय? तो जुना फोन कपाटात असेल. नंतर तू ते पुसलं असशील तरी चालेल. फक्त त्याच्यावर एकही फोटो काढू नकोस. मेमरी कार्ड काढ, कागदात गुंडाळ आणि कुरिअर कर.

तुझा,
बाळ्या