बब्याला ॲमस्टरडॅमला नेण्याआधी

म्युनिक

प्रिय वैशे,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा तुझ्यासाठी, एकदा मागे कोकलणाऱ्या तुझ्या कुत्र्यासाठी, बब्यासाठी. ॲमस्टरडॅमला कायमचं जायचं नक्की झालं, फार बरं वाटलं. पण तुझा प्रश्न काय, तर "विमानात भुंकला तर?" अगं, भुंकू दे. विमानातले नऊ तास हा यातला सगळ्यात सोपा भाग. खरी गोम आधीच्या चार महिन्यांत आहे, आणि तू आत्ताच पुढच्या महिन्याची तिकिटं बघत बसली आहेस. ती खिडकी बंद कर आणि हे पत्र नीट वाच.

रेबीजच्या बाबतीत युरोपियन युनियनने देशांच्या याद्या केल्या आहेत आणि आपला देश त्यात नाही. त्यामुळे आपल्या कुत्र्यांना रक्ततपासणी चुकत नाही. आणि सगळं ठरलेल्या क्रमानेच व्हायला लागतं. आधी कातडीखाली बसवायची मायक्रोचिप, पंधरा आकडी नंबरची, आयएसओ मानकाची. त्यानंतर रेबीजची लस. लस टोचल्यावर किमान 30 दिवसांनी रक्त काढायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि अँटिबॉडीचं प्रमाण मिलिलिटरला 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा त्याहून जास्त यायला हवं. रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने पूर्ण होईपर्यंत प्रवेश नाही. रिपोर्ट आल्या तारखेपासून नाही हं, रक्त काढल्या तारखेपासून, एवढाच काय तो दिलासा.

तू म्हणालीस की बब्याला दरवर्षी लस देतो आणि चिप "या रविवारी बसवून घेऊ". म्हणजे आत्तापर्यंतच्या सगळ्या लसी या कामापुरत्या बाद. चिपच्या आधीची लस धरतच नाहीत, कारण टोचलेला कुत्रा हाच कशावरून, असा त्यांचा साधा सवाल असतो. तेव्हा चिप बसली की लस पुन्हा टोचून घे. रक्त काढायच्या दिवशी डॉक्टरांना स्कॅनर फिरवून चिपचा नंबर वाचायला लाव आणि प्रयोगशाळेच्या फॉर्मवर तो आकडा आकडा जुळतोय का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. माझ्या कुत्रीच्या, ठमीच्या वेळी आमच्या डॉक्टरांनी तो मोठ्याने वाचला आणि मी लिहून घेतला, शाळेतल्या शुद्धलेखनासारखा. आणि पुढचा बूस्टर एक दिवसही चुकवू नकोस. लसीची मुदत संपली की रक्ततपासणीही गेली, पुन्हा पहिल्यापासून.

शेवटचा टप्पा मुंबईतल्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसच्या कचेरीत. तिथले सरकारी डॉक्टर युरोपच्या नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र देतात. ते मिळाल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायचं, म्हणून ते फार आधी करून ठेवता येत नाही. युरोपात जिथे पहिल्यांदा उतरशील त्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत ते लागतं. थेट ॲमस्टरडॅमला गेलीस तर डच, माझ्यासारखी जर्मनीत उतरलीस तर जर्मन. म्हणून विमान कुठून जातंय हे आधी पक्कं कर आणि मगच फॉर्म डाउनलोड कर. जाताना मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स. झेरॉक्सवाला शोधत उन्हात फिरायची हौस असेल तर नको नेऊस.

आता विमान कोणतं. आखातातून जाणारी सोड. एमिरेट्स आणि कतारच्या केबिनमध्ये काही मार्गांवर ससाणा बसू शकतो, आपला कुत्रा नाही! लंडनमार्गेही नको, ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा कार्गोतूनच यावा लागतो. इंडिगोची मुंबई–ॲमस्टरडॅम थेट सेवा 2025 मध्ये सुरू झाली, पण ते पाळीव प्राणी घेत नाहीत. उरतात केएलएम, लुफ्तान्सा वगैरे. दोघांचीही केबिनमधली मर्यादा, कुत्रा पिशवीसकट 8 किलो. पिशवीचं माप मात्र निराळं. लुफ्तान्साला 55 बाय 40 बाय 23 सेंटिमीटर चालते, केएलएमला 46 बाय 28 बाय 24. बब्या लांबुडका आहे, हे तुला मी सांगायला नको. त्याला आत उभं राहता आणि वळता आलं पाहिजे, म्हणून नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेपने मोज आणि मग ठरव. माझं विचारशील तर मी लुफ्तान्साने फ्रँकफर्टला उतरून पुढे रेल्वेने जाईन. जर्मन रेल्वेत पिशवीतल्या कुत्र्याला तिकीट पडत नाही.

एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, त्यामुळे आधी फोन करून जागा आहे का ते विचारायचं, मग तिकीट काढून ती लगेच अडवायची. इमर्जन्सी दाराची आणि अगदी पुढच्या भिंतीजवळची रांग मिळत नाही, कारण पिशवी पुढच्या सीटखाली जावी लागते. खिडकी घे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागत नाहीत.

आणि वजन. बब्या साडेसात किलोचा आहे म्हणतेस. पिशवीच किलो-सव्वा किलोची असते. गणित तूच कर. काकांना बजावून सांग की तुपाची पोळी बंद, म्हणजे एकदम बंद, "एवढासा तुकडा" पण नाही. चार महिन्यांत किलोभर सहज उतरतं, डॉक्टरांना विचारून. काउंटरवर खरंच वजन करतात. ठमी काट्यावर पिशवीसकट बसली तेव्हा मागच्या रांगेतले सगळे वाकून आकडा बघत होते, जणू त्यांच्याच घरचं बाळ मोजतायत.

झोपेचं औषध कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. तुझ्या जावेने सुचवलंय हे मला माहीत आहे. उंचीवर अशा औषधाने रक्तदाब आणि श्वास दोन्ही खाली जाऊ शकतात, आणि गुंगीतला कुत्रा दिसला तर विमानवाले नकार देऊ शकतात. औषधापेक्षा सवय लाव. पिशवी आजपासून हॉलमध्ये उघडी ठेव, जेवण तिच्यातच दे. मग पिशवीची चेन लावून पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग रिक्षातून लक्ष्मी रोड. त्या हॉर्नच्या गदारोळात जो झोपतो तो कुठेही झोपेल.

मुंबईच्या सिक्युरिटीत पट्टा, हार्नेस सगळं काढून कुत्र्याला कडेवर घेऊन चौकटीतून जायचं आणि रिकामी पिशवी एक्स-रेमधून. तेवढी दोन मिनिटं तो निसटू शकतो, म्हणून घट्ट धर. सीआयएसएफच्या बाईंनी आधी "काटता है क्या?" विचारलं आणि मग हातमोजा काढून ठमीच्या कानामागे खाजवलं. उड्डाणाआधी पाचेक तास खाणं बंद ठेव, पाणी थोडं थोडं चालू. पिशवीत शोषक पॅड आणि तुझी न धुतलेली ओढणी. टेकऑफला ठमी थरथरत होती. मी चेन दोन बोटं उघडली, तिने बोट चाटलं आणि ओढणीत तोंड खुपसलं. पुढे जेवणाची ट्रॉली आली तेव्हा मात्र जाळीवर नाक चिकटवून ती चिकनचा ट्रे जाईपर्यंत हलली नाही.

उतरल्यावर कस्टम्सचा लाल मार्ग, हिरवा नाही. स्कॅनर, एक बीप, कागदांवर शिक्का, झालं. नंतर तिथल्या डॉक्टरांकडून युरोपचा पेट पासपोर्ट करून घे आणि रक्ततपासणी त्यात नोंदवून घे. तसं केलं की भारतात येऊन परत जाताना पुन्हा तीन महिने थांबावं लागत नाही, बूस्टर चालू असेल तर. तरी दिवाळीच्या पंधरा दिवसांसाठी त्याला ओढत आणू नकोस असं माझं मत. तुम्ही कायमचे निघालात म्हणून मी हे सगळं लिहितेय. सहा महिन्यांचं काम असतं तर सरळ म्हटलं असतं, राहू दे काकांजवळ, दोघंही सुखी. इथे म्युनिकला कुत्र्याचा वर्षाला 100 युरो करही भरावा लागतो, हे नवऱ्याला अजून पचलेलं नाही.

हो, आणि बॅग भरताना मांस आणि दुधाचं काही नको. बाहेरून युरोपात ते आणता येत नाही, कुत्र्याचा खाऊही त्यात आला. बब्याच्या छुर्प्या (दुधाच्या कडक चीजचे चघळायचे तुकडे), तुझं साजूक तूप, पेढे, सगळं घरीच. गोडा मसाला आणि भाजणी मात्र बिनधास्त आण आणि माझा वाटा वेगळा बांध. पुढच्या सुट्टीत मी ठमीला घेऊन रेल्वेने येतेच आहे न्यायला.

तुझी,
नीलू