चि. मुक्तास, फॉर्म देण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रात्रपाळी करून झोपली असशील, म्हणून फोन करत नाही. डोळ्यात रक्त उडाल्याबद्दल हॉस्पिटलला द्यायच्या फॉर्मचा मसुदा वाचला. तू फक्त इंग्रजी तपासायला सांगितलंयस, तेवढंच करतो. डोळा धुतलास ना? लेन्स काढल्यावर पुन्हा एकदा?

'ब्लड वॉज स्प्रिंकल्ड इन माय आय' हे वाक्य आधी काढ. स्प्रिंकल म्हणजे कुणीतरी मुद्दाम शिंपडणं, भुरभुरणं. ते मिठासाखरेलाही चालतं. 'स्पिल'ही नको. ट्रेमधलं रक्त फरशीवर सांडलं तर स्पिल. नळी सोडवताना उसळून तुझ्या अंगावर आलं, तो स्प्लॅश. 'स्पॅटर' जवळचं आहे, पण त्यात बारीक शिंतोडे आणि त्यांचे डाग येतात. एप्रनबद्दल लिहिताना ते वापर: 'माय एप्रन वॉज स्पॅटर्ड विथ ब्लड'.

डोळ्यासाठी सरळ लिही: 'ब्लड स्प्लॅश्ड इनटू माय लेफ्ट आय'. इथे रक्तच कर्ता. 'वॉज स्प्लॅश्ड' केलंस की कुणी उडवलं, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. 'इन'पेक्षा 'इनटू' बरं, कारण बाहेरून आत गेलं हे त्यात स्पष्ट होतं. त्वचेवर उडालं असेल तर 'ऑनटू'. माणूस कर्ता असला की रचना दोन: 'स्प्लॅश्ड वॉटर ऑन हर फेस' आणि 'स्प्लॅश्ड हर फेस विथ वॉटर'. दुसरीत सगळा चेहरा भिजल्याचा भास होतो. तू डोळा धुतलास त्यासाठी मात्र यातलं काहीच नको. तिथे 'इरिगेटेड' किंवा 'रिन्स्ड' लिही, किती मिनिटं तेही लिही. धुतला असशीलच.

आणि वेळ. 'ड्युरिंग नाइट शिफ्ट' पुरेसं नाही, तास-मिनिटं हवीत. दादाशी बोललो. तो म्हणाला, एचआयव्ही असलेल्या पेशंटचं रक्त डोळ्यात गेलं तरी लागण होण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी. पण ती लागण टाळायच्या गोळ्या लागणार असतील तर जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो 24 तासांत. 72 तासांनंतर सहसा देत नाहीत. कोर्स 28 दिवसांचा. तुला हे पाठ असेल, तरी लिहितोय. हेपॅटायटिस बीची अँटिबॉडी पातळी तुझ्या फाइलमध्ये आहे ना? व्हायजर, तो चेहऱ्यापुढचा पारदर्शक पडदा, का नव्हता लावला? असो. रागावू नकोस, मी तिथे नव्हतो आणि विचारणं सोपं असतं.

डोळ्यात रक्त गेलं असताना तू आधी त्या पेशंट आजोबांची नळी बंद केलीस, हे वाचून ऊर भरून आला. आणि लगेच रागही आला. अगं, हाक मारायचीस कुणाला तरी, आणि पळत सिंककडे जायचंस.

वॉर्डातल्या बोलण्यात 'स्प्लॅश' हा शब्द वेगळ्या अर्थानेही कानावर येईल, गोंधळू नकोस. 'स्प्लॅश आउट ऑन अ कोट' म्हणजे कोटावर सढळ हाताने पैसे उडवणं. चहात 'जस्ट अ स्प्लॅश ऑफ मिल्क' म्हणजे दुधाचा थेंबभर शिपका. 15 जुलै 2025ला शुभांशू शुक्लांचं यान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरलं तो 'स्प्लॅशडाउन'. नाम म्हणून एक शब्द, क्रियापद केलं की दोन. 'स्प्लॅश अबाउट' म्हणजे पाण्यात हातपाय आपटत खेळणं. मळ्यातल्या हौदात तू आणि दादा करायचात ते. डोळे लाल होईपर्यंत बाहेर यायची नाहीस, आणि वर दादानेच पाणी उडवलं म्हणून तक्रार.

आईला अजून सांगितलेलं नाही. काकूंचे टाके निघाले की सांगेन. ऑक्युपेशनल हेल्थवाले, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचं बघणारे, पुढच्या रक्ततपासणीच्या तारखा देतील, त्या मला पाठव. गोळ्या सुरू केल्या असतील तर तसंही स्पष्ट लिही, लपवू नकोस. त्यांनी मळमळतं म्हणे. काहीतरी खाऊन घेत जा. दुरुस्त मसुदा सहीआधी पाठव. मी जागाच आहे.

बाबा