वसुधास पत्र : इंग्रजीच्या मुलींसाठी

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

विभागाची जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून फार आनंद झाला. अंबाजोगाईत इंग्रजी शिकवायला तुझ्यासारखी बाई असणं हे तिथल्या मुलींचं भाग्य आहे, हे मी मनापासून लिहिते आहे. इंग्रजी स्पेशल घेतलेल्या मुली तुला विचारतात, "मॅडम, सायन्सवाल्यांना सगळं असतं, आमच्यासाठी काय आहे?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

त्यांच्यासाठी पुष्कळ आहे. पण बहुतेक शिष्यवृत्त्या मार्कशीट बघून थांबत नाहीत. वर्गाबाहेर तू काय केलंस, हे त्या विचारतात, आणि तिथे आपल्या मुलींचा कागद कोरा असतो. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी तो भरून निघत नाही. सुरुवात एफ.वाय.लाच व्हायला हवी.

आधी घरच्या पैशांचं बोलते, कारण फी भरली गेली नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या योजना मुलींना ऐकून माहीत असतात. अनुसूचित जातींच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. खुल्या वर्गातल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिथे ती आठ लाखांची. अडतं ते कागदांवर. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही, आधार बँक खात्याला जोडलेलं नसतं, नाहीतर दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करायचा राहून जातो. तू जूनमध्येच एक दुपार यासाठी ठेव. ऑफिसमधल्या एखाद्या जाणत्या क्लार्कला वर्गात बोलाव आणि प्रत्येकीची फाईल डोळ्यांखालून घाल. नोटीस बोर्डावर कागद लावून हे काम होत नाही.

तुमच्याकडे 'कमवा व शिका' असेल तर इंग्रजीच्या मुलींना ग्रंथालयाचं काम मिळावं म्हणून प्राचार्यांकडे आग्रह धर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला जी प्रतिष्ठा दिली ती या योजनेत आजही आहे, आणि चार पैशांबरोबर पुस्तकांत वावरायला मिळतं ही केवढी मोठी गोष्ट!

आता मला सर्वांत जास्त सांगायचं आहे त्याकडे येते. तुझ्या मुली दोन भाषांत जगतात. घरी मराठी, वर्गात इंग्रजी. त्यांना वाटतं हे आपलं उणं आहे, कारण शहरातल्या मुलींसारखं फाडफाड बोलता येत नाही. मला उलट वाटतं. मराठी पुरती आतून कळणारी आणि इंग्रजी मन लावून शिकलेली मुलगी अनुवादाच्या कामाला सोन्यासारखी असते. म्हणून 'प्रथम बुक्स' या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळापासून सुरुवात कर. 2015 पासून हे खुलं व्यासपीठ चालू आहे. लहान मुलांच्या गोष्टी तिथे कुणालाही अनुवादित करता येतात, एक पैसा लागत नाही. गोष्ट प्रसिद्ध झाली की खाली अनुवादकाचं नाव येतं. अशा काही गोष्टी हातात असल्या की अर्जात 'मला अनुवादाची आवड आहे' असं पोकळ वाक्य लिहावं लागत नाही.

दुसरं म्हणजे आविष्कार. राज्यातल्या विद्यापीठांचा हा संशोधन महोत्सव फक्त विज्ञानवाल्यांचा आहे असं आपल्याकडे धरून चालतात. पण त्यात मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला असा वेगळा गट आहे, आणि पदवीच्या मुलींनाही भाग घेता येतो. विषयासाठी तुम्हाला लांब जायला नको. संतकवी दासोपंतांची पासोडी तुमच्याच गावात आहे! कापडावर लिहिलेला तो ग्रंथ मराठी न जाणणाऱ्या वाचकाला इंग्रजीतून कसा समजावून सांगायचा, कोणते शब्द तसेच ठेवायचे, कुठे टीप द्यायची, एवढ्यावर एक सुंदर पोस्टर उभं राहील. परीक्षकांच्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देताना मुलींची भीड किती चेपते ते बघ. वक्तृत्व, वादविवाद आणि एकांकिका यांसाठी युवक महोत्सव आहे, पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य महोत्सव आहे. एन.एस.एस.च्या दोन वर्षांच्या 240 तासांत गावातल्या शाळेत इंग्रजी वाचनाचा तास घेता आला तर तोच शिकवण्याचा पहिला अनुभव.

एका गोष्टीपासून मात्र मुलींना जप. पैसे भरले की निबंध छापून देणारी आणि प्रमाणपत्र पाठवणारी परिसंवादांची दुकानं सगळीकडे निघाली आहेत. गरीब घरची मुलगी त्यात पैसे घालते आणि तिच्या हाती काही लागत नाही. याचा मला मनस्वी राग येतो. खरी शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी कुणी आगाऊ 'प्रोसेसिंग'चे पैसे मागू लागला, तर तिथूनच परत फिरायचं.

एम.ए.च्या मुलींना नेटकडे केवळ प्राध्यापकीची परीक्षा म्हणून बघू देऊ नकोस. तिच्यातून जे.आर.एफ. ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली आणि पीएच.डी.ला प्रवेश झाला की 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनी 42,000. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. जे.आर.एफ.ची वयोमर्यादा 30 आहे, पण स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. लग्न होऊन शिक्षण थांबलेल्या तुझ्या जुन्या विद्यार्थिनींना हे मुद्दाम फोन करून सांग. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या, वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. कोणती कुणासाठी, ते पहिल्याच वर्षी समजावून दे.

परदेशाचं नाव काढलं की वर्गात हसू फुटतं, असं तू लिहितेस. त्यांना के. आर. नारायणन यांची गोष्ट सांग. केरळमधल्या गरीब दलित घरातला मुलगा त्रावणकोर विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एम.ए. झाला, टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला आणि 1997 मध्ये राष्ट्रपती झाला. परदेशी शिक्षणासाठीची जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून आहे आणि तिच्या पहिल्या मानकऱ्यांत आपल्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या. आज ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते, हे आधीच स्पष्ट सांग. फेलिक्स शिष्यवृत्तीत ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रीडिंग ही ब्रिटनमधली विद्यापीठं येतात, पदवीला उत्तम प्रथम वर्ग लागतो. इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीत महिना 1,400 युरो मिळतात. त्यातला गेम्मा हा स्त्री-अभ्यासाचा अभ्यासक्रम साहित्याच्या मुलींना जवळचा वाटेल. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा ती नोकरी लागल्यानंतरची गोष्ट. आणि इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांसाठी अमेरिकेच्या फुलब्राइटची एफ.एल.टी.ए. ही भाषा-शिक्षकांची फेलोशिप आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठात नऊ महिने हिंदीसारखी आपली भाषा शिकवायची. वय 21 ते 29. बी.एड. करून गावात शिकवणाऱ्या मुलीला हे कुणी सांगतच नाही गं!

लिहिणाऱ्या मुली असतील तर पंतप्रधान युवा योजनेवर लक्ष ठेव. तिशीच्या आतल्या लेखकांना सहा महिने दरमहा 50,000 रुपये मिळतात आणि मराठीतही लिहिता येतं. पुढे हात बसला की न्यू इंडिया फाउंडेशनची अनुवाद फेलोशिप आहे. मराठीतलं वैचारिक गद्य इंग्रजीत नेण्यासाठी ते सहा लाख देतात. विद्यार्थिनींना ती लगेच मिळणार नाही, पण वाट कुठवर जाते हे त्यांना माहीत असावं.

शेवटी तुझ्या शिफारसपत्रांबद्दल. 'होतकरू, कष्टाळू, सुस्वभावी' या तीन शब्दांनी कुणाचंच भलं झालेलं नाही. प्रत्येक मुलीसाठी एक वही ठेव. कोणत्या तासाला तिने काय विचारलं, कोणती कविता तिने आपल्या बोलीत सांगितली, हे तारखेसकट टिपून ठेव. तीन वर्षांनी तुझं पत्र त्या नोंदींतूनच तयार होईल, आणि वाचणाऱ्याला ती मुलगी समोर दिसेल.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे येतेच आहे. तोवर टी.वाय.च्या ज्या मुली तयार असतील त्यांना 'मला पुढे का शिकायचं आहे' यावर एक पान इंग्रजीत लिहायला लाव. चुका दुरुस्त न करता, आहे तसंच माझ्याकडे पाठव. मी प्रत्येक पान वाचून ठेवीन आणि आले की एकेकीबरोबर बसेन.

काकूंना नमस्कार. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
मीना