मनूस, हळदीच्या पुड्यासोबत

तासगाव,
१२ जून

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू केलेल्या हळदीच्या पाकिटाच्या डिझाइनचे पैसे कंपनीने अडवलेत, हे रविवारी सांगता सांगता तू फोन ठेवलास, त्यात चूक माझी. "सोड ते, नोकरी बघ" हे माझ्या तोंडून जायला नको होतं. आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय. एक विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

काल आबांचे डोळे दाखवायला सांगलीला गेलो होतो. त्यांच्या डोळ्यांत औषध घालून बसवलं, तेवढ्या वेळात गणपती पेठेत चक्कर मारली. एका किराणा दुकानात मसाल्याच्या फळीवर हळदीच्या पुड्यावरचा तो ळ मला लांबूनच दिसला. दिवाळीत तू जुन्या प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदावर काढत बसली होतीस तोच. ळची दोन्ही वेटोळी हळकुंडाच्या बोटांसारखी. तेव्हा मी म्हणालो होतो की हे वाचता येणार नाही, लोकांना साधं अक्षर लागतं. रस्त्याच्या पलीकडून चष्म्याशिवाय वाचता आलं, मनू.

पुडा हातात घेतला. छापखानेवाल्याच्या सवयीने आधी रंगांचं रजिस्टर, म्हणजे रंग एकमेकांशेजारी नेमके बसलेत का, ते बघितलं. पिवळ्याच्या कडेला हिरवा कुठेही सरकलेला नाही. मग मागची बाजू बघितली. पॅकिंगचा महिना एप्रिल. "रंग पटला नाही, काम मंजूर नाही" हा कंपनीचा मेसेज ६ मेचा. तूच आईला वाचून दाखवलास. काम मंजूर नव्हतं तर एप्रिलमध्ये हळद भरली कशात? मी दोन पुडे घेतले आणि छापील बिल मागितलं. दुकानदाराने विचारलं, दोन पुड्यांना बिल कशाला. मग सांगितलं त्याला, हे पाकीट माझ्या मुलीने काढलंय. त्याने पुडा परत हातात घेऊन बघितला.

घरी आल्यावर तुझे मेल आणि बिल घेऊन ऑडिटवाल्या काकांकडे गेलो. तुला न विचारता गेलो, पण जे कळलं ते तुझ्या उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तू फाइली दिल्यास २० फेब्रुवारीला. मालात किंवा कामात खोट असेल तर घेणाऱ्याने १५ दिवसांच्या आत लेखी कळवायचं असतं. कळवलं नाही तर दिल्या दिवसापासूनच काम स्वीकारलं असं धरतात. लघुउद्योगांचा २००६ चा कायदा आहे, त्यात हे लिहिलंय. म्हणजे ७ मार्चनंतर रंगाची तक्रार काढून त्यांना पैसे अडवता यायचे नाहीत. "आमच्याकडे ९० दिवसांची पद्धत आहे" हेही चालत नाही. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, आणि काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. तुमच्या मेलमध्ये तर ३० दिवस लिहिलेत. म्हणजे पैसे २२ मार्चला यायला हवे होते. पुढच्या प्रत्येक दिवसाला व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ. मला आधी खरंच वाटलं नाही. काकांनी पुस्तक काढून ओळीवर बोट ठेवून दाखवलं.

हे सगळं तुला लागू होतं ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून तू उद्यमची, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी केलीस म्हणून. एक रुपया लागला नव्हता, आणि मी म्हणालो होतो, कागद गोळा करून काय होतं. काम डिसेंबरात सुरू झालं, नोंदणी त्याच्या आधीची. हा क्रम महत्त्वाचा आहे असं काका दोनदा म्हणाले.

आणखी एक, आणि हे आजच कर. आयकराच्या साइटवर तुझं २६एएस, म्हणजे तुझ्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून बघ. बिल १,१२,००० चं, त्यातले ३०,००० आगाऊ आले, राहिले ८२,०००. त्या ८२,००० वर टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने कापून सरकारात भरायचा कर, त्यांनी तुझ्या नावावर भरलेला दिसला, तर त्यांच्या हिशेबनिसाने तुझं बिल खर्चात धरलंय. काम नापसंत असणारा माणूस बिल वहीत चढवून त्यावर कर कशाला भरेल? मार्चअखेरच्या तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत द्यायचं असतं, म्हणजे आता ते दिसायला हवं. दिसलं तर त्या पानाची प्रत काढून ठेव. नाही दिसलं तरी घाबरू नकोस, पुडा आहे.

त्यांच्या मालकाशी बोलण्याऐवजी हिशेबनिसाला लिही. छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि मार्चअखेरपर्यंतही दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी त्यांच्या उत्पन्नातून वजा होत नाही. आयकराचा हा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. मालकाला ठाऊक नसेल, हिशेबनिसाला असतो.

आधी साधा मेल: बिल, २० फेब्रुवारीचा मेल, पुड्याचा फोटो, उद्यम क्रमांक आणि "सात दिवसांत द्यावे". उत्तर नाही आलं तर तेच कागदावर, सही करून, पोहोच मिळेल असं स्पीड पोस्टाने. तरीही नाही आलं तर लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टल आहे, तिथली तक्रार राज्यात याच कामासाठी असलेल्या परिषदेकडे जाते. कायद्याने निकाल ९० दिवसांत लागायला हवा. काका म्हणाले, जास्त लागतात. पण पुष्कळदा तिथला क्रमांक पडला की समोरचा फोन करतो. आणि इन्स्टाग्रामवर त्यांचं नाव घालून लिहिणार होतीस ते आत्ता नको. उलट तुझ्यावरच नोटीस यायची.

बघ, परत शिकवायला लागलो. तुझी कामं तू सांभाळतेस, मला माहीत आहे. माफ कर. पण एक विचारतोच. या महिन्याचं कार्डावर भागवलंस ना? आई म्हणाली, तू सहज बोलून गेलीस. पूर्ण भरतेस की किमान रकमेवर सोडतेस?

हे काढायचं नव्हतं. काढलं. तर मग तुला ९५ सालचं सांगतो, कारण आई ते कधी पुरं सांगणार नाही.

विधानसभा होती. शेजारच्या मतदारसंघातल्या एका अपक्षाची वीस हजार हँडबिलं आली. कंपोझ मी केलं, ट्रेडल छपाई मशीनवर आबांनी आणि मी दोन रात्री आळीपाळीने कागद लावला. निवडणुकीचं छापायचं तर खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव घालावं लागतं आणि छापून घेणाऱ्याचं दोन साक्षीदारांच्या सह्यांचं निवेदन दोन प्रतींत घ्यावं लागतं. ते मी अगदी नीट घेतलं. कागद कायद्याला लागतो तेवढा घेतला आणि पैशाबद्दल एक ओळ लिहून घेतली नाही. साहेब म्हणाले, निकालानंतर बघू. निकालात ते पडले.

९,४०० रुपये होते. त्यातला कागदच सांगलीहून उधार आणलेला. कागदवाल्याचा माणूस दर सोमवारी यायचा आणि काही न बोलता मशीनजवळच्या स्टुलावर बसायचा. मी त्या उमेदवाराच्या घराजवळून सायकलने चार वेळा गेलो असेन, पण एकदाही उतरलो नाही. हरलेल्या माणसाला पैसे कसे मागायचे, असं मनाशी म्हणायचो. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. आपले पैसे मागायची लाज. शेवटी आईने पाटल्या काढून दिल्या, त्या बँकेत ठेवल्या आणि कागदवाल्याला मोकळा केला. अडीच वर्षं मी व्याज भरलं. पैसे तीन वर्षांच्या आत कोर्टात मागता येतात हे मला चौथ्या वर्षी कळलं.

तेव्हा सगळे म्हणायचे, गडी सज्जन आहे, कुणाला तगादा लावत नाही. मला ते ऐकायला बरं वाटायचं. त्याचं व्याज पाटल्यांवर चढत होतं.

म्हणून कार्डाचं विचारतो. तिथे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतात, वर्षाचे चाळीसच्या वर. त्यांनी तुझे पैसे वापरायचे आणि व्याज तू भरायचं, हे मला झोपू देत नाही. कार्डाचं जे असेल ते सांग. प्रेसच्या खोलीचं भाडं पाच तारखेला आलंय, मी त्याला हात लावलेला नाही. उसने म्हणून घे. वहीत तुझ्या नावावर मांडतो, तुला तसंच बरं वाटेल.

आणि पुढच्या कामाला ओपन फाइल, म्हणजे बदल करता येते ती मूळ फाइल, आधी देऊ नकोस. मी फुकट नमुना दाखवायचो, प्रूफ दाखवायचो, प्रुफावर "छपाईस योग्य" अशी सही घ्यायचो, पण ज्यांवरून छापतात त्या पॉझिटिव्ह फिल्म आणि प्लेटा पैसे मिळेपर्यंत कपाटात ठेवायचो. ९५ नंतर शिकलो ते. तुझ्याकडे कपाट नाही, पण पूर्ण पैसे येईपर्यंत कमी आकाराचं चित्र देता येतं ना? तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं त्यातलं. हक्क लिहून द्यायचे तेही पैसे आल्यावरच द्यावेत, असं काकांचं म्हणणं.

नोकरीचं मी परत काढणार नाही. तो ळ बघितल्यावर काढवणारही नाही.

आबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन श्रावणाआधी करायचं म्हणतात. तू धावत येऊ नकोस, मी आहे. आई शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट देतेय. त्याच डब्याखाली हळदीचा एक पुडा आणि दुकानाचं बिल प्लास्टिकच्या पिशवीत घातलंय. पुडा फोडू नकोस, मागची तारीख तशीच राहू दे. दुसरा मी इथे कपाटात ठेवलाय.

कार्डाचं स्टेटमेंट किती तारखेला येतं तेवढं कळव.

तुझा,
बाबा